टेकडीवरची बारा डुकरं

बारा वाजेपर्यंत लिआओ साहेबांची सही मिळाली नाही, तर ठराव मेला. आणि खरं सांगायचं तर मेला तर बरंच, असंही त्या सकाळी माझ्या मनात येऊन गेलं. एकदा नव्हे, तीनदा.

मी पी-युन. तैपेईला आमदारांच्या कचेरीत काम करते. एकवीस वर्षांत चार आमदार बदलले, मी तीच आहे. माझं मुख्य काम कागद फिरवण्याचं. ठरावावर सह्या हव्या असल्या की कागद घेऊन मजलेच्या मजले चढायचे. कुणाला स्तुती लागते, कुणाला चहा लागतो, कुणाला नुसतं 'आज बरे दिसताय' म्हटलेलं पुरतं, हे ओळखायचं आणि सही घेऊनच खाली यायचं. आमचं सभागृह तसं भांडकुदळ. माझ्या डोक्यावर एकदा भाताचा डबा फुटलाय. पण सह्या आणण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

ठराव तावेलासाठी होता. जगात आमच्याशी उघड दोस्ती ठेवणारे देश बोटांवर मोजावेत इतकेच, आणि त्यातलं हे एक समुद्रातलं बेट. ही दोस्ती ठेवायची की तोडायची यावरून तिथे महिनाभर तापलं होतं. शेवटी दंगल पेटली. बाजार जळला, आमच्या दूतावासावर दगड पडले, फाटक पेटवलं, झेंडा खाली ओढून जाळला. आमची अकरा माणसं तिथून जीव घेऊन पळाली. त्यांतला एक माझा भाऊ, आ-तिंग.

चार मुलींच्या पाठीवर झालेला हा आमचा धाकटा. तावेलात शेती शिकवणाऱ्या आमच्या पथकात सहा वर्षं होता. दोन आठवड्यांपूर्वी परत आला तो अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि कुणीतरी वाटेत दिलेली एक बॅग घेऊन. एका बाईने आम्हांला शेडमध्ये लपवलं, त्यापायी तिची स्वयंपाकाची झोपडी लोकांनी जाळली, एवढंच त्याने सांगितलं. बॅग त्याने सोडली नाही. भिंतीला टेकवून ठेवली, जणू गाडी सुटायचीच आहे.

आमच्या आताच्या आमदार को मॅडम त्यांच्या पक्षाच्या सभागृहातल्या नेत्याही आहेत; तरुण, पण खमक्या. त्यांनी तीन वाक्यांचा ठराव लिहिला. एक, तावेलाच्या लोकांनी निवडलेल्या सरकारच्या पाठीशी आम्ही उभे आहोत. दोन, आमच्या अकरा जणांना वाचवणाऱ्या गावकऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत. तीन, शेतीचं पथक परत तावेलात जाईल. तिन्ही पक्षांच्या नेत्यांची सही झाली की असा ठराव त्याच दिवशी पास होतो. एकाने जरी हात आखडला तर तो महिनाभर बासनात पडून राहतो. आणि तो दिवस अधिवेशनाचा शेवटचा. महिन्याभरात तावेलाची संसद दोस्तीवर मत देऊन मोकळी झाली असती आणि पथकाच्या दाराला कुलूप लागलं असतं.

दोन सह्या झाल्या होत्या. तिसरी लिआओ साहेबांची.

साडेनऊला मी त्यांच्या खोलीत गेले. लिआओ साहेब अडुसष्ट वर्षांचे, आमच्याच युनलिन जिल्ह्याचे. त्यांचा सगळा जीव आमच्याकडच्या डुकरांवर. कुठल्याही विषयावर बोलायला उठले तरी पाचव्या मिनिटाला डुकरं येणारच. पाच वर्षांपूर्वी तावेलाच्या शेती-मदतीत टेकडीवरच्या एका वस्तीसाठी बारा डुकरं आणि एक पक्की शेड त्यांनीच घुसवली होती. तो कागदही मीच फिरवला होता.

"आज बरे दिसताय, साहेब."

"मस्का नको लावू," ते म्हणाले. "नाही म्हणजे नाही. त्यांनी आपला झेंडा जाळला आणि मी त्यांचे आभार मानू? माझ्या मतदारसंघात जाऊन बघ एकदा. लोक विचारतायत, चाळीस वर्षं भात लावायला शिकवलं ते दगड खायला का?"

"झेंडा जाळणारे वेगळे, साहेब. वाचवणारे वेगळे."

"टीव्हीवर सगळे सारखेच दिसतात, पी-युन." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुझा भाऊ सुखरूप आला ना? आईचा जीव भांड्यात पडला ना? मग त्याला परत तिकडे धाडायची हौस तुलाच का गं?"

मला हौस नव्हतीच. मी त्याची सख्खी बहीण. चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता तेव्हा मी मंदिरात जाऊन नवस बोलले होते, की हा परत आला तर पुन्हा घराबाहेर पाऊल टाकू देणार नाही. आणि आता त्यालाच परत पाठवणारा कागद मीच काखोटीला मारून फिरत होते. मी बाहेर आले. जिन्यात उभी राहून त्या कागदाकडे बघत राहिले. हा इथेच कुठे पडला, हरवला, तर कुणाला कळणार आहे? हे तिसऱ्यांदा.

पावणेअकराला आ-तिंग कचेरीत हजर. एका हातात ती बॅग, दुसऱ्या हातात आईचं मोठं पातेलं, टॉवेलात बांधलेलं. युनलिनहून गाडीने मांडीवर धरून आणलं होतं.

मी झाकण न काढताच ओळखलं. डुकराच्या पायाचा रस्सा आणि बारीक शेवया. माणूस मोठ्या संकटातून वाचला की आमच्यात त्याला हे खाऊ घालतात, मग त्याच्यामागची पीडा सुटते. शेवया लांब असतात, त्या तोडायच्या नसतात. आ-तिंग आला त्या दिवशी आईने पहाटे उठून पाय शिजवले होते. आणि या दिवट्याने वाटीला हात लावला नव्हता. दोन आठवडे आई रोज विचारत होती, तो रोज 'नंतर' म्हणत होता. आई रडकुंडीला आली होती.

"अजून नाही खाल्लंस?" मी विचारलं.

"ताई, ती बाई तिकडे राखेत उभी आहे. मी पीडा सुटली म्हणून शेवया ओरपू?"

"मग हे इथे कशाला आणलंस?"

"आईने पाठवलं. म्हणाली, तावेलाच्या वकीलबाई तैपेईलाच असतात ना, त्यांच्याही देशावर संकट आलं. त्यांना दे. पाहुणीसमोर तुलाही नाही म्हणता येणार नाही."

आमची आई शाळेत तीन यत्ता गेली आहे. माणसाला कोंडीत कसं पकडायचं, हे आमच्या सगळ्या आमदारांनी तिच्याकडून शिकावं.

रूथ तेकाई, म्हणजे आईच्या वकीलबाई, तावेलाच्या राजदूत, अकराला येणारच होत्या, ठरावाचं काय होतं ते बघायला. को मॅडमनी पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पी-युन ताई, लिआओ साहेबांना सांगा, युनलिनचे पाय आलेत."

बाकी कशाला नाही म्हणतील, पायांना म्हणणार नाहीत. पाच मिनिटांत साहेब मधल्या खोलीत, बाह्या सरसावून बसलेले.

रूथबाई आल्या. पन्नाशीच्या, भरदार, आठ वर्षं तैपेईत राहून आमची भाषा भाजीवाल्यांकडून शिकलेल्या, त्यामुळे बोलतात तेव्हा घासाघीस चालल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी आधी आ-तिंगचे दोन्ही हात धरले. मग लिआओ साहेबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तुमच्या झेंड्याचं जे झालं, त्याची मला लाज वाटते."

साहेबांनी घसा खाकरला. कुणी समोर माफी मागितली की त्यांना सुचत नाही. "बसा, बसा. आधी खा."

मी वाट्या भरल्या. पहिली वाटी दोन्ही हातांनी रूथबाईंसमोर ठेवली, त्यात पायाचा सगळ्यांत जाड तुकडा. त्या वाटीकडे बघत राहिल्या. आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो, कारण त्यांनी सुरू केल्याशिवाय आम्हांला खाता येत नव्हतं.

"हे कशाचं आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"डुकराचे पाय!" साहेब अभिमानाने म्हणाले. "आमच्या जिल्ह्यातले. असे पाय जगात कुठे नाहीत."

रूथबाईंनी वाटी दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि परत खाली ठेवली. "माफ करा. आम्हांला डुकराचं चालत नाही. आम्ही शनिवारची प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. खातही नाही, शिवतही नाही."

आठ वर्षं या बाई आमच्याकडे येतायत, नववर्षाला मी स्वतः त्यांच्या घरी डुकराच्या सुक्या मटणाचे डबे पाठवलेत. "मग ते डबे?" माझ्या तोंडून निसटलंच.

"चौकीदाराला," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर फार खूश असतो तो."

को मॅडमना हसू फुटलं. आ-तिंग मात्र खाली बघत होता, आणि मी त्याला लहानपणापासून ओळखते. काहीतरी पोटात दडवलं असलं की तो असाच बसतो.

साहेबांना हसू आलं नव्हतं. "शिवतही नाही म्हणजे? सगळ्या तावेलात?"

"सगळ्या नाही. आमच्या पंथाची काही गावं आहेत. माझं माहेर त्यातलंच, टेकडीवरची वस्ती."

"टेकडीवरची." साहेबांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे माझी बारा डुकरं..."

साहेब आ-तिंगकडे वळले. "अरे, तू तिथेच होतास ना? मला दरवर्षी अहवाल यायचा, 'प्रगती समाधानकारक.' कोण लिहायचं ते?"

"मी," आ-तिंग म्हणाला.

"आणि डुकरं कोण सांभाळायचं?"

"मीच. पहिल्याच आठवड्यात मला कळलं होतं. पण इथे बारा डुकरं मंजूर झाली होती, बदलायची तर पुन्हा तुमच्यापुढे नवा कागद आणावा लागला असता, आणि मला वरून सांगितलं, लिआओ साहेबांची डुकरं आहेत, हात लावू नका. मग रोज सकाळी मीच जायचो, खायला घालायचो. गावातले लोक वाऱ्याची दिशा बघून बसायचे. पण एकानेही कधी तक्रार केली नाही. म्हणायचे, पाहुण्याने प्रेमाने आणलंय, परत कसं द्यायचं?"

साहेबांचे कान लाल झाले. "पाच वर्षं?"

"पाच वर्षं." आ-तिंगने पहिल्यांदा मान वर केली. "साहेब, तुम्हांला शेड कुठली ते माहीत नाही. ताईलाही मी सांगितलं नाही. आम्हांला लपवलं ते तुमच्या डुकरांच्या शेडमध्ये."

आणि मग त्याने सगळं सांगितलं, दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

दूतावासाचं फाटक पेटलं तेव्हा भर दुपार होती. अकरा जण मागच्या ओढ्यातून टेकडीवर पळाले. वस्तीत लोसा नावाची बाई होती, चर्चमध्ये फुलं मांडणारी, आ-तिंगला रोज रताळी उकडून द्यायची. तिने यांना पाहिलं, खाली रस्त्याने वर येणारा जमाव पाहिला आणि क्षणभरही विचार न करता यांना शेडमध्ये ढकललं. जमावातली बहुतेक पोरं याच पंथाची होती. ती कुठेही शिरली असती, तिथे शिरली नसती.

"त्यांनी घरं पाहिली, चर्च पाहिलं," आ-तिंग म्हणाला. "मग शेडपाशी आली. तिथे पाद्रीबुवा उभे होते. म्हातारा माणूस, खोटं बोलणार नाही. ते म्हणाले, 'आत जायचं असेल तर जा. पण डुकरांत शिरलेला पोरगा येत्या शनिवारी मला चर्चच्या दारात दिसता कामा नये.' आम्ही आतून ऐकत होतो. पण गडबडीने डुकरं बिथरली होती. एक पिल्लू किंचाळायला लागलं. ते असंच ओरडत राहिलं असतं तर कुणीतरी डोकावलं असतंच. मी दोन मोठी धरून बसलो होतो, माझे हात रिकामे नव्हते."

रूथबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हे पुढचं त्यांना ठाऊक होतं, असं मला वाटलं.

"लोसा मागच्या फळीतून आत आली. आयुष्यात तिने डुकराला बोट लावलं नव्हतं. ती चिखलात बसली, पिल्लाला छातीशी धरलं, त्याचं तोंड मुठीत दाबलं आणि साडेचार तास तशीच बसून राहिली. पोलीस येईपर्यंत. ओठ हलत होते तिचे. मी नंतर विचारलं, प्रार्थना करत होतीस का? म्हणाली, 'नाही रे, पिल्लाला अंगाई म्हणत होते. दुसरं काय करणार?' बाहेर पोरांना आम्ही सापडलो नाही, म्हणून रागाने तिची झोपडी पेटवली. तिला धूर दिसत होता. ती उठली नाही."

मी रडत होते. लपवायचं कशाला, पातेल्यात पाणी पडेल इतकी रडत होते. माझा भाऊ जिवंत आहे, हे मी दोन आठवडे नवसाच्या देवाला सांगत होते. ज्या बाईला सांगायचं तिचं नावसुद्धा मला आज कळत होतं. आणि मी जिन्यात उभी राहून तिचा कागद हरवायला निघाले होते.

लिआओ साहेबांनी आपली वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "पाच वर्षं त्या लोकांनी माझा वास सहन केला."

"साहेब, तुमची डुकरं नसती तर..." आ-तिंग म्हणाला.

"गप रे. माझी कसली? मी विचारलंसुद्धा नाही त्यांना." त्यांनी माझ्यापुढे हात केला. "आण इकडे तो कागद. किती वाजले?"

"साडेअकरा."

त्यांनी चष्मा लावून तिन्ही वाक्यं वाचली. पेन काढलं. आणि सही करायच्या आधी चौथी ओळ लिहायला लागले. ओळ वाढली की बाकी दोन्ही पक्षांच्या सह्या पुन्हा घ्यायच्या, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक. को मॅडम ओरडल्याच, "साहेब, वेळ कुठे आहे?"

"चार शब्द आहेत, थांबा." त्यांनी लिहिलं, 'यापुढे त्यांना आधी विचारावे.' खाली सही ठोकली. को मॅडमनी वाचलं आणि बाजूला सही केली. तिसऱ्या पक्षाच्या बाई तीन मजले वर, आणि लिफ्टसमोर शेवटच्या दिवसाची ही गर्दी. मी कागद घ्यायला हात पुढे केला, तर साहेब उठून चालायला लागलेले.

"द्या साहेब, माझं काम आहे ते."

"तू डोळे पूस आधी," ते म्हणाले आणि जिन्याकडे पळाले. अडुसष्टाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना. एकवीस वर्षांत कुठल्या नेत्याला स्वतःचा कागद स्वतः फिरवताना मी पाहिलं नव्हतं. वरून त्यांचा आवाज आम्हांला खाली ऐकू येत होता, "अहो बाई, सही करा, धाप लागलीय, मेलो तर तुमच्या नावावर जाईन!"

अकरा अठ्ठावन्नला हातोडा पडला. कुणाचा विरोध नाही. आमच्या सभागृहात हे वाक्य इतकं दुर्मीळ, की अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं.

मधल्या खोलीत परत आलो तेव्हा रस्सा गार झाला होता. रूथबाईंनी फोन लावून मधोमध ठेवला. पलीकडून एका बाईचा मोठा, खणखणीत आवाज आला. रूथबाई अर्थ सांगत गेल्या. ठराव झाल्याचं ऐकून लोसाने आधी देवाचं नाव घेतलं. मग विचारलं, "आ-तिंग जेवला का?"

"डुकरं कशी आहेत?" आ-तिंगने उलट विचारलं.

"तू गेल्यापासून मीच घालतेय खायला. नाकाला फडकं बांधून. दुसरं कोण घालणार? ते पिल्लू तर माझ्यामागून चर्चच्या फाटकापर्यंत येतं. पाद्रीबुवा दुसरीकडे बघतात. लवकर ये बाबा, माझी फार शोभा होतेय."

आम्ही हसलो आणि साहेबांनी रुमाल काढून नाक शिंकरलं. आ-तिंगने गार झालेली वाटी उचलली. शेवया एकही न तोडता सगळ्या खाल्ल्या, खाली वाकून, मान वर न करता. रूथबाईंनी आपली वाटीही त्याच्यापुढे सरकवली. "माझी पीडापण तूच खा," त्या म्हणाल्या. त्याने तीही खाल्ली.

मी बाहेर जाऊन आईला फोन लावला.

"खाल्लं का त्याने?"

"खाल्लं. दोन वाट्या."

"शेवया तोडल्या नाहीत ना?"

"नाही."

"मग आता कुठे जाणार नाही ना तो?"

नवस माझा होता, तो मोडायचाही मलाच होता. मी आईला सगळं सांगितलं, शेड, पिल्लू, अंगाई, जळणारी झोपडी. आणि मग सांगितलं की तो परत जाणार आहे, आणि त्याची बॅग मी भरून देणार आहे. पलीकडे आईने नळ सोडला, काहीतरी खसाखसा घासलं, नळ बंद केला.

"पी-युन," ती शेवटी म्हणाली. "बॅगेत त्या बाईसाठी काहीतरी द्यायला हवं."

"देऊ की. काय देऊ?"

"मला काय विचारतेस? तिला काय चालतं, ते तिला आधी विचार."